डाग दिसला, निदान बाकी आहे

जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ३१ जानेवारी २०२४ रोजी आकाशाच्या क्ष-किरण पाहणीची एक यादी सगळ्या जगासाठी खुली केली. जुलै २०१९ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘इरोसिटा’ या दुर्बिणीने पहिल्या सहा महिन्यांच्या फेरीत अर्ध्या आकाशात टिपलेले सुमारे नऊ लाख क्ष-किरण स्रोत तिच्यात आहेत. यातले सात लाखांहून अधिक ठिपके म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या मध्यभागी बसलेली महाकाय कृष्णविवरे असावीत, असा संशोधकांचा हिशेब आहे. या वाक्यातला ‘असावीत’ हा शब्द नीट वाचायला हवा. नऊ लाख ठिपके दिसले, पण यातला प्रत्येक ठिपका नेमका कशाचा, किती दूरचा आणि किती जुना, हे एकट्या क्ष-किरणांना सहसा सांगता येत नाही. त्यासाठी त्याच जागेवर साध्या प्रकाशाची दुर्बीण रोखून त्या प्रकाशाचा वर्णपट घ्यावा लागतो. खगोलशास्त्रातील एक मोठे, चिकाटीचे आणि फारसा गाजावाजा न होणारे काम आज नेमके तिथे चालले आहे.

धुळ्या-जळगावच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. छातीचा एक्स-रे काढला, फुप्फुसावर पांढरा डाग दिसला. तो डाग क्षयाचा, न्यूमोनियाचा, जुन्या भरून आलेल्या जखमेचा की कर्करोगाचा, हे फिल्म सांगत नाही. ते बेडक्याच्या तपासणीतून ठरते. एक्स-रे संशयिताला गर्दीतून वेगळे काढतो आणि प्रयोगशाळा त्याची ओळख पटवते. दोन्हींची कामे वेगळी आहेत आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आकाशातही हाच नियम लागू पडतो.

आधी हे क्ष-किरण येतात कुठून ते पाहू. जवळजवळ प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात एक प्रचंड कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतके आहे, पण ते सध्या जवळजवळ उपाशी असल्याने शांत आहे. जिथे अशा कृष्णविवरात वायू सतत पडत राहतो, तिथे तो वायू आत जाण्यापूर्वी तबकडीसारखा भोवती फिरतो, घर्षणाने तापतो आणि झळाळतो. तबकडीजवळच्या अतितप्त वायूतून क्ष-किरण बाहेर पडतात. अशा दीर्घिकेला ‘सक्रिय दीर्घिका’ म्हणतात. तिच्या केंद्रातला सूर्यमालेएवढा भाग कधी कधी सगळ्या दीर्घिकेतील अब्जावधी ताऱ्यांपेक्षा अधिक तेजाने तळपतो.

या दीर्घिकांची पहिली पद्धतशीर नोंद कार्ल सायफर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये केली, तीही वर्णपटावरूनच. काही दीर्घिकांच्या केंद्रातील प्रकाशरेषा विलक्षण रुंद असल्याचे त्याला दिसले. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूचा वर्णपट उलगडला आणि तो तारा नसून दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर असलेला क्वासार आहे, हे दाखवून दिले. क्ष-किरणांची वाट मात्र वेगळी होती. पृथ्वीचे वातावरण अवकाशातून येणारे क्ष-किरण अडवते. आपल्या जिवाला ते बरेच आहे, पण जमिनीवरून हे आकाश दिसत नाही. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मिनिटांसाठी एक रॉकेट वर पाठवले. चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधण्याचा त्यांचा इरादा होता. मिळाला तो वृश्चिक राशीतला एक प्रखर स्रोत, आणि त्याबरोबर सगळ्या दिशांनी येणारी एक मंद, एकसारखी क्ष-किरणांची पार्श्वभूमी. जियाकोनी यांना २००२ मध्ये नोबेल मिळाले. ती पार्श्वभूमी कशाची, या कोड्याने मात्र शास्त्रज्ञांना पुढे चार दशके कामाला लावले.

दूरवरून यात्रेचा गलका ऐकू यावा आणि जवळ गेल्यावर एकेक माणसाचा आवाज वेगळा कळावा, तसे झाले. दुर्बिणी जसजशा तीक्ष्ण झाल्या तसतशी ती एकसारखी भासणारी पार्श्वभूमी सुट्या बिंदूंमध्ये फुटत गेली. १९९० मध्ये सोडलेल्या जर्मन ‘रोसॅट’ उपग्रहाने सप्तर्षींच्या भागातील ‘लॉकमन होल’ नावाच्या एका छोट्या खिडकीत दीर्घकाळ पाहिले. आपल्या आकाशगंगेतील हायड्रोजन त्या दिशेला सर्वांत विरळ आहे, म्हणून ती जागा निवडली. तिथल्या ५० क्ष-किरण स्रोतांची संपूर्ण यादी घेऊन श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे वर्णपट तपासले. १९९८ मध्ये निकाल आला : ३९ सक्रिय दीर्घिका, ३ दीर्घिकांचे समूह, १ साधी दीर्घिका, ३ आपल्याच आकाशगंगेतील तारे आणि ४ अनोळखी. पार्श्वभूमीचा गलका मुख्यतः कृष्णविवरांचा होता, हे अशा एकेक करून केलेल्या ओळखपरेडीतून ठरले. पाहणीच्या निकालात चार स्रोत ‘अजून ओळख पटलेली नाही’ म्हणून प्रामाणिकपणे वेगळे ठेवले आहेत, हेही लक्षात घेण्यासारखे. पुढे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव मिळालेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीने दक्षिण आकाशातील एकाच तुकड्यावर एकूण सुमारे ७० लाख सेकंद, म्हणजे ८१ दिवस नजर रोखली. पौर्णिमेच्या चंद्राहूनही लहान असलेल्या त्या तुकड्यात एक हजाराच्या वर क्ष-किरण स्रोत सापडले.

मग क्ष-किरणांनीच का शोधायचे? साध्या प्रकाशात सक्रिय दीर्घिका शोधता येतातच, पण त्या पद्धतीत बरेच काही निसटते. पुष्कळ कृष्णविवरांभोवती धूळ आणि वायूचे जाड कडे असते. साधा प्रकाश त्यात अडकतो आणि दीर्घिका बाहेरून अगदी सामान्य दिसते. क्ष-किरण मात्र, मांसातून जाऊन हाड दाखवावे तसे, त्या धुळीतून बाहेर येतात. काही दीर्घिका तर अशा आहेत की क्ष-किरणांत लख्ख आणि वर्णपटात मात्र सक्रियतेची एकही खूण नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आणि रुग्ण आजारी, असा प्रकार. क्ष-किरणांनाही मर्यादा आहेत. कडे फारच जाड असेल तर तेही अडतात, आणि काही कृष्णविवरे दोन्ही चाळण्यांतून सुटतात.

या मुद्द्याला वैद्यकातला पुरावा अगदी घरचा आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षण झाले. गावोगाव गाड्या नेऊन लोकांना लक्षणे विचारली गेली, छातीचे एक्स-रे काढले गेले आणि संशयितांचे बेडके प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यात क्षय निश्चित झालेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण, केवळ लक्षणे विचारून थांबले असते तर हाती लागलेच नसते. ते एक्स-रेमुळे सापडले. म्हणजे खोकला नाही, ताप नाही, पण छातीत जंतू आहेत, अशी माणसे शंभरात चाळीसहून अधिक. धुळीआड दडलेल्या कृष्णविवरांची गोष्ट याहून वेगळी नाही. वरवरच्या खुणांवर विसंबणारी पाहणी लहान आकडा देते, आणि पुढचे सगळे नियोजन त्या लहान आकड्यावर उभे राहते.

आता वर्णपटाकडे वळू. जळगावच्या सराफ बाजारात सोने घेणाऱ्याला ही कल्पना सहज समजेल. हॉलमार्किंग केंद्रात दागिना यंत्रात ठेवतात, त्यावर क्ष-किरण सोडतात, आणि त्यातील सोने, तांबे, चांदी हे धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देतात. प्रत्येक धातूची सही वेगळी, म्हणून कोणता धातू किती ते कळते. तरीही शुद्धतेचा शिक्का देण्यापूर्वी नमुना आगीत तावूनसुलाखून पाहण्याची पद्धत आहेच. आकाशातील वायूही अशाच सह्या करतो. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, मॅग्नेशियम यांच्या प्रकाशरेषा ठरलेल्या जागी पडतात. कोणत्या तापमानाला कोणत्या अणूची कोणती रेषा दिसेल, याचे गणित मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. ताऱ्यांचे वर्णपट वाचण्याची किल्ली त्यातून मिळाली.

दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटातून तीन गोष्टी वाचता येतात. पहिली म्हणजे अंतर. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या प्रकाशाच्या सगळ्या रेषा एकाच प्रमाणात तांबड्या टोकाकडे सरकतात. याला ताम्रसृती म्हणतात. जितकी सरक अधिक, तितकी दीर्घिका दूर आणि तितका तिचा प्रकाश जुना. दुसरी गोष्ट रेषांच्या रुंदीतून कळते. भुसावळच्या फलाटावरून धडधडत निघून जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना चढी आणि जाताना उतरती ऐकू येते. कृष्णविवराभोवती सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या वायूचेही तसेच होते. काही वायू आपल्याकडे येतो, काही दूर जातो आणि रेषा दोन्ही बाजूंना पसरते. त्या पसरटपणावरून कृष्णविवराच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो. तिसरी गोष्ट प्रकाराची. रुंद रेषा दिसल्या तर आपण थेट केंद्रात डोकावतो आहोत. फक्त अरुंद रेषा दिसल्या तर बहुधा मध्ये धुळीचे कडे आहे. क्ष-किरण कृष्णविवराचा पत्ता देतात. त्याचे वय, वजन आणि स्वभाव यासाठी वर्णपट लागतो.

या कामाची खरी अडचण संख्येची आहे. क्ष-किरण उपग्रह एका फेरीत लाखो ठिपके टिपतो, वर्णपट मात्र एकेका वस्तूचा घ्यावा लागतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये ‘स्लोन’ पाहणीसाठी अडीच मीटरची दुर्बीण वापरतात. तिथे वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमच्या मोठ्या थाळीत प्रत्येक दीर्घिकेच्या जागी एक भोक पाडले जाई आणि माणसे हाताने त्या भोकात एकेक प्रकाशतंतू खोवत. सुरुवातीला एका थाळीत ६४० तंतू असत, नंतर एक हजार. आता तंतू जागेवर नेण्याचे काम छोटे यंत्रमानव करतात आणि इरोसिटाने दाखवलेल्या स्रोतांचे वर्णपट घेणे हा त्या पाहणीच्या कामाचा भाग आहे. चिलीमधील ‘फोरमोस्ट’ हे यंत्र तर एका वेळी सुमारे २४०० तंतूंनी पाहू शकेल, अशा बेताने बांधले आहे.

त्यातही सर्वांत अवघड भाग शेवटच्या काही टक्क्यांचा असतो. तेजस्वी दीर्घिकांचे वर्णपट झटपट मिळतात. अंधूक, दूरच्या, धुळीआडच्या दीर्घिकांसाठी आठ-दहा मीटरच्या दुर्बिणींवर तासन् तास घालवावे लागतात. त्या सोडून दिल्या तर पाहणी पूर्ण झाल्यासारखी वाटते, पण चित्र चुकते. कारण सुटलेल्या वस्तू सापडलेल्यांसारख्या नसतात, आणि म्हणूनच त्या सुटलेल्या असतात. ओपीडीतल्या केसपेपरवरून गावाचे आरोग्य ठरवण्यात हाच धोका आहे. वर उल्लेखलेल्या क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणे असूनही सुमारे ६४ टक्के लोक उपचारांसाठी कुठेच गेलेले नव्हते. साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचा मजूर, बुडणाऱ्या रोजंदारीपायी दवाखान्याची पायरी चढत नाही, तो रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये कधीच दिसणार नाही. रजिस्टर कितीही नीटनेटके असले तरी त्याची नोंद त्यात नसते.

चिकाटीने पूर्ण केलेल्या पाहण्यांनी काय दिले, हे पाहिले की या खटाटोपाचे मोल कळते. आज ठामपणे सांगता येते की महाकाय कृष्णविवरांची वाढ सर्वांत जोमात होती तो काळ सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वीचा. सर्वांत तेजस्वी क्वासारांचा बहर आधी येऊन गेला, कमी तेजाच्या सक्रिय दीर्घिकांचा नंतर आला. या वाढीचा मोठा हिस्सा धुळीआड झाला, म्हणजे साध्या प्रकाशातल्या पाहण्यांना तो दिसलाच नसता. हे सगळे निष्कर्ष अंतरांवर उभे आहेत आणि अंतरे वर्णपटांवर.

महाराष्ट्र या कामात प्रेक्षक नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारताच्या पहिल्या खगोलशास्त्रीय वेधशाळेवरील क्ष-किरण उपकरणांच्या निर्मितीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या ‘आयुका’चा मोठा वाटा आहे. एकाच वेळी क्ष-किरण आणि अतिनील प्रकाशात एकाच दीर्घिकेकडे पाहता येणे हे तिचे वैशिष्ट्य. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि डॉ. जयंत नारळीकर यांनी घडवलेल्या आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून पुणे जिल्ह्यात घोडेगावजवळ गिरवली येथे आहे. तिच्यावर वर्णपट घेण्याचे उपकरणही आहे. नैनितालजवळ देवस्थळ येथे ३.६ मीटरची, लडाखमध्ये हानले येथे दोन मीटरची दुर्बीण आहे. दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या ‘सॉल्ट’ दुर्बिणीत आयुका भागीदार आहे.

पण हिशेब मांडला तर एक उणीव ठळक दिसते. क्ष-किरण पाहण्याची नजर आपण कमावली, ओळख पटवण्यासाठी लागणारी आठ-दहा मीटरची दुर्बीण मात्र आजही देशाच्या भूमीवर नाही. अंधूक दीर्घिकांसाठी भारतीय संशोधकाला परदेशी दुर्बिणींवरच्या रात्री मागाव्या लागतात. हानले येथे अशी राष्ट्रीय दुर्बीण उभारण्याची कल्पना खगोलशास्त्रज्ञ अनेक वर्षे मांडत आले आहेत. तिच्यावर निर्णय लांबवणे म्हणजे तालुक्याला एक्स-रे मशीन देऊन प्रयोगशाळा न देण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : कापसाला भाव नाही, केळीवर रोग पडतो, अशा वेळी कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची कृष्णविवरे मोजून काय मिळणार? आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. मात्र रुग्णालयातील एक्स-रे हाच त्याचा जुना दाखला आहे. विल्हेल्म राँटगेन ८ नोव्हेंबर १८९५ रोजी निर्वात नळीतील विजेचा अभ्यास करत होते, मोडलेल्या हाडांचा नव्हे. आपल्या शोधाचे पेटंट घ्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून ते तंत्र काही महिन्यांतच जगभरच्या डॉक्टरांच्या हाती पोहोचले. कुतूहलातून काय निघेल याची पावती आधी मिळत नसते. ते निघाल्यावर सर्वांना खुले ठेवणे मात्र आपल्या हाती असते.

खान्देशासाठी या खुलेपणातच संधी आहे. स्लोन, चंद्रा, इरोसिटाची पहिली यादी, ॲस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदी हे सगळे कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. त्यावर काम करायला दुर्बीण लागत नाही. संगणक, इंटरनेट, पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि शिकवणारा एक शिक्षक पुरतो. क्ष-किरण यादीतील शंभर ठिपके घ्यावेत, स्लोनमधील त्यांचे वर्णपट शोधावेत, रेषा ओळखाव्यात, ताम्रसृती काढावी, रुंद-अरुंद अशी वर्गवारी करावी आणि उरलेल्यांपुढे ‘अनिर्णित’ असे स्वच्छ लिहावे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील आणि धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर येथील महाविद्यालयांतील एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला हा खराखुरा प्रकल्प होऊ शकतो. विद्यापीठ-महाविद्यालयांतील शिक्षकांना आपल्याकडे येऊन काम करता यावे, यासाठी आयुकाची सहयोगी सदस्यत्वाची योजना आहे. रात्रीच्या एसटीने पुणे गाठता येते. दरवर्षी तेच ते प्रयोग जर्नलमध्ये उतरवून काढण्यापेक्षा विद्यापीठाने अशा प्रकल्पांना गुण द्यावेत आणि शिक्षकांना त्यासाठी रजा द्यावी. याला फार पैसा लागत नाही.

या भूमीला हे नवीनही नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात शके ११२८च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे अध्ययन चालू राहावे म्हणून मठ स्थापला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. आकाशाचे गणित शिकवण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी खान्देशात लोकांनी उत्पन्नातला वाटा दिला होता. तो लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, आणि ते पेशाने डॉक्टर होते.

आणि जे आकाशाला लागू, ते आपल्या छातीलाही. एक्स-रेवर डाग दिसला म्हणून घाबरून जाऊ नये आणि फिल्म स्वच्छ आली म्हणून महिनाभराच्या खोकल्याकडे काणाडोळा करू नये. बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत तरी इतर सर्व बाबी पाहून डॉक्टर क्षयाचे औषध सुरू करू शकतात. पण तपासणीची पायरीच गाळून नव्हे. शासकीय रुग्णालयांत क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. एक्स-रेचे पाकीट हाती आल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : हा संशय आहे की निदान? संशय असेल, तर पुढची तपासणी कुठे आणि कधी करायची, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि मगच घरी जावे.